विंडोज 11 मध्ये फाइल मॅनेजर कुठून उघडायचा?

परभणीकर: घरच्या कॉम्प्युटरवर खालच्या पट्टीतला पिवळ्या फोल्डरचा आयकॉन गायब झालाय, लेकरानं काढला वाटतं. पप्पांच्या सातबाऱ्याची पीडीएफ डाउनलोड केली, पण कुठं गेली तेच कळंना, पीकविम्यासाठी आजच पाहिजे. सांगा ना कोणीतरी.

लातूरचा: विंडोजचं बटन दाबून धरा अन् ई दाबा, फाइल एक्सप्लोरर लगेच उघडतो. डाव्या बाजूला डाउनलोड्स दिसंल, तिथंच असंल फाइल. आता तो उघडाच असताना खालच्या पट्टीत त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून पिन टू टास्कबार करा, म्हणजे आयकॉन परत कायमचा बसतो.

नांदेड_आयटी: दादा, क्रोम वापरत असाल तर त्यातच कंट्रोल अन् जे दाबा, डाउनलोड केलेलं सगळं दिसतं, फाइलसमोरच्या फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केलं की थेट त्या जागी नेतं. मला तर हेच सोपं वाटतं, कारण सातबाऱ्याच्या फाइलीला कधीकधी नुसते आकडेच नाव म्हणून येतात अन् मग शोधून डोकं उठतं. सापडली की राइट क्लिक करून रिनेम करा, गट नंबर टाका.

परभणीकर: सापडली! लई आभार.

बीडवाली: जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट सिनॅमन ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असंल तरी विंडोजचं बटन अन् ईच चालतं, तिथं नेमो नावाचा फाइल मॅनेजर उघडतो.