बाहुलीचा चेहरा नव्याने रंगवायचाय, सुरुवात कुठून करू?

ए-२०३: घरात साडेअकरा इंची जुन्या बाहुल्या आहेत. चेहरा पुसून नवा काढायचाय. कुठलं नेलपॉलिश रिमूव्हर वापरू? पेन्सिलचा रंग हाताला का लागतो?

बी-५०१: ताई, आधी डोकं दाबून बघा. दबलं तर मऊ व्हिनाइल, त्याला ॲसिटोनवालं रिमूव्हर चालतं. धड मात्र कडक प्लास्टिकचं असतं, तिथे थेंब पडला तरी विरघळून चिकट होतं. म्हणून डोकं काढूनच कामाला लागा. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरायचं आणि मऊ झालं की हलकं फिरवत ओढायचं. थंड असताना ओढाल तर मानेची खुंटी तुटेल.

बी-५०१: केस प्लास्टिकमध्ये गुंडाळा. इअरबड सारखा बदलत राहा, नाहीतर ओठांचा लाल रंग गालभर पसरून आत मुरतो, मग निघत नाही. नंतर भांड्याच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवा.

सी-१०२: रंग हाताला लागतो कारण खाली थर नाही. गुळगुळीत व्हिनाइलवर पेन्सिल पकड घेत नाही. मॅट स्प्रेचे, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक वार्निशचे, दोन पातळ हात द्या, २०-३० सेंमी अंतरावरून, मध्ये अर्धा तास. मग गालांना सॉफ्ट पेस्टलची भुकटी कोरड्या ब्रशने, भुवया-पापण्या वॉटरकलर पेन्सिलने, पुन्हा स्प्रे. प्रत्येक टप्प्याला स्प्रे केला की पुढची चूक ओल्या इअरबडने पुसता येते, खालचं काम जसंच्या तसं राहतं. ऑइल पेस्टल मात्र नको, ते वाळतच नाही. बुबुळातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, ॲक्रिलिकने. चेहऱ्यात जीव येतो तो त्या ठिपक्याने!

सी-१०२: डब्यावर मॅट लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. काही स्प्रे व्हिनाइलवर कायम चिकट राहतात. मानेच्या आतल्या कडेला मारून आठवडाभर थांबा.

ए-२०३: मग या रविवारी मारू का?

सी-१०२: नको ताई. नाशकात गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलंय, अशा दिवसांत हवेत ओल असते, थरावर पांढरी साय धरते. चांगली उघडीप मिळू दे. तोवर कागदावर डोळ्यांचा सराव करा. स्प्रे गॅलरीतच, मुलं लांब ठेवून आणि रसायनाच्या वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लावून. साधा एन-९५ वाफा अडवत नाही.

डी-३०४: येवल्याच्या पैठणीचं कात्रण आहे माझ्याकडे. नऊवारी होईल का?

बी-५०१: काकू, फक्त काठाला वापरा. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश, म्हणजे सव्वाआठ मीटरचे साधारण १३७ सेंमी. पण कापडाची जाडी काही सहापट कमी होत नाही, निऱ्यांचा गठ्ठा होतो. पातळ मलमल घ्या, ९०-१०० सेंमी लांब, १९ सेंमी रुंद. गडद रंग असेल तर आधी धुऊन बघा, रंग सुटला की व्हिनाइलवर डाग पडतो. पडलाच तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मुरमांचं क्रीम तेवढ्या डागावरच लावून उन्हात ठेवा आणि रोज बघा, जास्त झालं तर खालचा रंगही उडतो.

डी-३०४: मलमल आहे घरात. पण रंग गडद जांभळा आहे, आजच भिजवून बघते.