रिकामी झाली, पण पडली नाही: धोकादायक इमारतींचे अनुभव लिहा

तिसरा_मजला (धागाकर्ता)

परवा गिरगावात गेलो होतो, मामाच्या चाळीखाली दहा मिनिटं उभा राहिलो. २०१७ च्या पावसाळ्याआधी ती सी-१ ठरली, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. लाल अक्षरांचा बोर्ड लागला, पाणी तोडलं, मीटर काढून नेले, २२ बिऱ्हाडं आठ दिवसांत पांगली, मामा विरारला, समोरचे काका मुलीकडे, बाकीचे कोण कुठे गेले देव जाणे. आणि इमारत? वरचे दोन मजले उतरवले नि काम थांबलं ते थांबलंच. खाली शिंपी आणि फरसाणवाला अजून चालू, डोक्यावर निळी ताडपत्री. जिना वर जातो आणि संपतो. न्हाणीच्या पायपात आलेला पिंपळ आता मनगटाएवढा जाड झालाय.

मामी आजही दर महिन्याला ९० रुपये भाडं मनीऑर्डरने पाठवते. मालक घेत नाही, परत येते, ती परत आलेली पावती फायलीत लावते. नसलेल्या खोलीचं भाडं! पण पाठवलं नाही तर हक्क गेला असं तिला वाटतं, आणि तिला वेड्यात काढायची माझी हिंमत नाही.

तर लिहा. नोटीस लागली तेव्हा काय झालं, कोण गेलं, कोण अडून बसलं, पुढे जागेचं काय झालं. कायदा सांगणाऱ्यांनी पण या, फक्त आधी अनुभव.

प्रतीक्षेत

आम्ही दादरहून १९९४ ला संक्रमण शिबिरात, म्हणजे ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरांत गेलो, 'दोन वर्षांसाठी'. मी चौथीत होते, आता माझी मुलगी चौथीत आहे. १८० फुटांची खोली, आजी तिथेच गेली, माझं लग्न तिथूनच झालं, पत्रिकेवर मात्र बाबांनी हट्टाने दादरचाच पत्ता छापला होता. गंमत पुढे आहे, बारा-पंधरा वर्षांनी शिबिराची इमारतच धोकादायक निघाली आणि आम्हाला ट्रान्झिटमधून ट्रान्झिटला हलवलं. शेजारच्या खोल्यांत कोण राहतं ते विचारू नका, मूळ भाडेकरू किती आणि चावी विकत घेतलेले किती हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या जुन्या जागेवर आता पार्किंग आहे. प्लॉट लहान, त्यावर नवी इमारत बसत नाही म्हणे, म्हणून आमचं नाव मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे दुसरीकडे घर मिळायची वाट बघणाऱ्यांच्या यादीत. बाबा दर वर्षी जाऊन बघून येतात, नाव आहे ना.

टेकू

निवृत्त इंजिनियर आहे, कुठल्या शहरातला ते राहू दे. थोडं लांब होईल, चालवून घ्या.

मुंबईत दोन वेगळे कारभार आहेत हे आधी लक्षात घ्या. जुन्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) इमारतींवर १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीचा उपकर लागला, त्या म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती मंडळाकडे. तेव्हा अशा १९,६०० च्या वर इमारती होत्या. बाकीच्या महापालिकेकडे, तिथे महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. इमारतीला ३० वर्षं झाली की ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं.

आम्ही काय करायचो तर हातोडी घेऊन ठोकत जायचं, पोकळ आवाज आला की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय. पहिली नजर संडास-मोरीखालच्या बीमवर, कारण गळती तिथेच, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. दुसरी नजर तळमजल्यावर, दुकानदाराने भिंत कुठे काढली. घाटकोपरची साईदर्शन २०१७ ला पडली, १७ माणसं गेली, तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं.

लोक आम्हाला शिव्या देतात की पाणी तोडलं. अहो, नुसत्या नोटिशीने एक माणूस हलत नाही. मी एकदा एका आजींसमोर उभा होतो, त्या म्हणाल्या, "तू लिहून दे मी परत इथेच येईन, आत्ता निघते." मी काय लिहून देणार? पाडण्याआधी प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजून नोंदवतात, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि नाही निघाल्या.

अण्णांचा_नातू

@टेकू साहेब, मान ठेवून विचारतो, ऑडिट विकत मिळतं हे पण लिहा की. आमच्या मालकाचा रिपोर्ट सी-१, आम्ही वर्गणी काढून केलेला सी-२बी. इमारत तीच, खांब तेच!

टेकू

मिळतं. दोन्ही बाजूंनी मिळतं. मुंबईत त्यासाठीच तांत्रिक सल्लागार समिती आहे, दोन रिपोर्ट भांडले की ती ठरवते. पण तोवर दोन पावसाळे जातात. आणि नुसता मालक वाईट म्हणूनही भागत नाही, २०१३ ला डॉकयार्ड रोडला ६१ माणसं गेली ती इमारत खुद्द महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची होती.

माळवदावरून

पुण्यातला वाडा. तुमच्याकडे भाडेकरू अडतात, आमच्याकडे वारस. सह्या १७ लागतात, त्यातले दोघे एकमेकांशी १९८८ पासून बोलत नाहीत, कारण एक तांब्याचा बंब. मातीच्या भिंती, लाकडी सांगाडा, एकदा पन्हाळ फुटलं की भिंत आतून लापशी होते, बाहेरून काही कळत नाही. नोटीस आली, शेवटचे भाडेकरू गेले, मग चोरांनी दरवाजे, गज, पितळी कड्या नेल्या, लाकूड पण नेलं असतं पण शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला. माणसं असताना निदान कोणीतरी कौल सरकवायचं. रिकामा झाल्यावर चार वर्षांत मागची बाजू बसली, नशीब रात्री बसली आणि बोळात कोणी नव्हतं. प्लॉट अरुंद, दोन्हीकडे वाडे चिकटलेले, बाजूला जागा सोडा म्हटल्यावर उरतं काय? बिल्डर येतात, टेप लावतात, चहा पिऊन जातात.

दिवा_लोकल

तुमचं निदान पागडी, वारसा असं काहीतरी आहे. आमची बिल्डिंगच अनधिकृत. घेतली तेव्हा २००५ ला कोण बघतं हो ओसी (राहायला परवानगीचा दाखला), स्टेशन जवळ आणि बजेटात. आता सी-१ लागली. अधिकृत इमारत असती तर पुनर्विकास म्हणाले असते, आमच्या कागदावर जमीनच आमची नाही. २०१३ ला मुंब्य्राची इमारत पडून ७४ गेले, ती तर बांधता बांधताच पडली. मला ती बातमी रोज आठवते आणि तरी आम्ही राहतोय. क्लस्टरमध्ये, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासात, नाव येईल म्हणतात. हप्ता फिटायला अजून दोन वर्षं आहेत.

मिशिगनवाली

इथल्या डेट्रॉईटचं सांगते, थोडं उलटं आहे. १९५० ला साडेअठरा लाख लोकवस्ती, २०२० ला साडेसहा लाखांच्या आत. लोक निघून गेले, घरं उरली, लाकडी, एकेकटी. कर थकला की घर सरकारकडे आणि तिथून लँड बँक नावाच्या संस्थेकडे, ती एक तर विकते नाहीतर पाडते. २०२० ला पाडकाम आणि घरदुरुस्तीसाठी २५ कोटी डॉलरच्या रोख्यांवर लोकांनी चक्क मतदान केलं. पाडायला भांडायला कोणी नाही हो, पण पाडल्यावर गल्लीत दात पडल्यासारखी मोकळी जागा, गवत कंबरेएवढं. माझ्या लालबागच्या आत्याला फोटो पाठवला तर म्हणाली, "एवढी जागा रिकामी? आणि मालक कुठाय?"

तिसरा_मजला (धागाकर्ता)

सगळं वाचलं. प्रतीक्षेत, तुमचं वाचून मामीला फोन केला. तिचा निरोप: वीजबिलं, भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड, सगळ्याच्या दोन झेरॉक्स ठेवा आणि एक सेट मुलीच्या घरी, एकाच छपराखाली सगळे कागद नकोत.

दिवा_लोकल, तुम्हाला काय सांगू कळत नाही. पाऊस जोरात लागला की निदान रात्री मुलांना दुसरीकडे झोपवा.

आणि कोणीतरी व्यनित विचारलंय, फरसाणवाला कसा काय चालू? त्यालाही नोटीस आहे. ती त्याने फ्रेम करून गल्ल्यामागे लावलीय, मोजणीच्या दिवशी लगेच दाखवता यावी म्हणून.