गावात झाडांवर केलेला खर्च हा आरोग्यावरचा खर्च म्हणता येईल का?

सातपुडा_पायथा

आमचे गाव यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि मी तेथील ग्रामपंचायतीची सदस्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाशी न बांधलेल्या, निधीतली काही रक्कम शिल्लक आहे. ती कशावर खर्चावी यावरून गावात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, उपकेंद्रासाठी खाटा, कूलर आणि औषधांचे कपाट घ्यावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत चक्कर, उलट्या आणि लघवीची जळजळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची तेथे रीघ लागते. दुसऱ्या तटाला झाडे लावायची आहेत आणि शेतात पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडे) जाळण्याऐवजी तिचा भुगा करणारे यंत्र भाड्याने आणायचे आहे. ग्रामसभेत एका ज्येष्ठ नानांनी विचारले, "झाड लावल्याने ताप उतरतो का?" त्यावर सभा हसली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

माझा प्रश्न असा की, हवामान बदल हा साऱ्या जगाचा प्रश्न असताना आमच्या एका गावाने केलेल्या कामाचा लाभ आमच्याच माणसांच्या प्रकृतीला आणि तोही आमच्या हयातीत मिळतो का? पुढच्या सभेत नानांना नुसती घोषणा ऐकवायची नाही, उत्तर द्यायचे आहे.

वाघूरकाठ

ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षे नोकरी केली आहे, म्हणून रुग्णांच्या बाजूने लिहितो. आधी नानांच्या शंकेतला खरा भाग मान्य करावा. कार्बन डायऑक्साइड साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. त्यामुळे तुमच्या गावाने तो कितीही कमी सोडला तरी तेवढ्याने यावलचा मे महिना थंड होणार नाही. परंतु ज्या जळणातून हा वायू निघतो त्याच जळणातून धूर आणि सूक्ष्म कणही निघतात. ते मात्र जगभर वाटले जाण्याआधी जवळच्या माणसांच्या छातीत जातात. म्हणून जाळणे थांबवले की हवामानाचा फायदा दूरचा आणि पुढचा असला, तरी फुप्फुसाचा फायदा इथला आणि लगेचचा असतो.

हा फायदा किती लवकर दिसतो याचे एक चांगले उदाहरण आयर्लंडमधले आहे. डब्लिन शहरात १ सप्टेंबर १९९० पासून धुरकट दगडी कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. हवेतील काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि पुढच्या काही वर्षांत श्वसनविकाराने होणाऱ्या मृत्यूंमध्ये सुमारे १५ टक्के घट नोंदली गेली. हृदयविकाराच्या मृत्यूंतही घट दिसली होती, पण नंतरच्या फेरतपासणीत ती टिकली नाही. श्वसनविकाराची मात्र टिकली. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी काही आठवडे कारखाने आणि वाहने रोखली गेली, तेव्हा ज्या स्त्रियांचा आठवा महिना त्या काळात होता त्यांच्या बाळांचे जन्मवजन इतर वर्षांच्या तुलनेत सरासरी २३ ग्रॅमने अधिक भरले. एका बाळाच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे. पण तो काही आठवड्यांच्या स्वच्छ हवेचा परिणाम आहे, हे लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली, तर आपल्या देशाचे मानक ४० आहे. म्हणजे "आमची हवा नियमात बसते" या वाक्याने फार हुरळून जाऊ नये. आणि गावाकडे सर्वांत वाईट हवा बहुधा चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला येते, हे ग्रामसभेत कोणी तरी बोलायला हवे.

आता उन्हाविषयी. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की शरीर हवेला उष्णता देण्याऐवजी हवेकडून घेऊ लागते आणि सुटकेचा घाम हा एकच मार्ग उरतो. आपल्याकडे पारा ४३-४४ वर गेला की पंखासुद्धा अंगावर झळाच मारतो. तापमान ४० अंशांच्या वर असताना पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अशा वेळी उघड्यावर केळीचे घड वाहणारा मजूर दोन्हीकडून तापतो, हवेने आणि थेट उन्हाने. सावली हवेचे तापमान फारसे उतरवत नाही, पण थेट उन्हाचा भार काढून घेते आणि घामावरचा ताण लक्षणीय कमी होतो. उपकेंद्रात येणाऱ्यांकडे नीट पाहिले तर त्यांत म्हातारी माणसे, रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे आणि उन्हात राबणारे हेच अधिक दिसतील. वारंवार पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडावर होणारा परिणाम तर सलाइन लावून परत पाठवलेल्या माणसातही हळूहळू वाढत राहतो.

म्हणून नानांना असे सांगता येईल की, आलेला ताप झाडाने उतरत नाही, पण खाटेपर्यंत येणाऱ्यांची संख्या उतरते. कूलरला मात्र विरोध करू नका. आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि उष्माघाताच्या रुग्णाचे अंग ताबडतोब थंड करणे हाच मुख्य उपचार आहे. झाड त्या दिवशी कामाला येत नाही.

शंकासुर

वरील प्रतिसादातील धूर आणि ऊन यांविषयीचा भाग मला पटतो. माझी हरकत "निसर्गाच्या सहवासाने आजार बरे होतात" या सरसकट विधानाला आहे, कारण ते अशा चर्चेत हमखास येतेच. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पण रुग्णांच्या जोड्या होत्या अवघ्या २३. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून आठवड्यात निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान अधिक असल्याचे दिसले. इथे ग्यानबाची मेख अशी की, ज्याची प्रकृती मुळातच धड आहे तोच टेकडीवर फिरायला जातो. शिवाय ज्या वस्तीत पैसा अधिक तिथे झाडेही अधिक असतात, तेव्हा श्रेय झाडाचे की पैशाचे हे अशा पाहणीतून सुटत नाही.

याहून मला ते अभ्यास महत्त्वाचे वाटतात ज्यांत झाडे माणसांच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेल्या कारणाने आली किंवा गेली. अमेरिकेत एका परदेशी किडीने ॲश जातीची कोट्यवधी झाडे मारली. १५ राज्यांत या काळात हृदय आणि श्वसन या दोन विकारांचे मिळून २१ हजारांहून अधिक जादा मृत्यू त्या झाडांच्या नाशाशी जुळणारे आढळले. लुईव्हिल शहरात तर काही वस्त्यांमध्ये सुमारे आठ हजार मोठी झाडे आणि झुडपे मुद्दाम लावून आधीच्या व नंतरच्या रक्ततपासण्या केल्या गेल्या. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तेथील रहिवाशांमध्ये शरीरातील दाह दाखवणारा एक घटक शेजारच्या वस्त्यांपेक्षा १३ ते २० टक्के कमी होता. हा घटक हृदयविकाराच्या धोक्याशी निगडित आहे. मुलांच्या डोळ्यांबाबतही पुरावा चांगला आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे मोकळ्या हवेतला जादा तास ठेवल्यावर तीन वर्षांत नव्याने चष्मा लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले, तर असा तास नसलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. पण तिथे काम करतो तो मुख्यतः उजेड, झाड नव्हे. खानदेशात तो तास मुलांना बाहेर काढता येईल अशी सावली शाळेत नसेल तर तो कागदावरच राहील, एवढा संबंध मी मान्य करतो.

पांझरेकाठ

मी साक्री तालुक्यातला. आमच्याकडे बारीपाड्याच्या लोकांनी नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून, नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करून उजाड झालेले शेकडो एकर जंगल पुन्हा उभे केले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे जंगलामागोमाग विहिरींना पाणी आले, पाण्यामागोमाग दुसरे पीक आले आणि कामासाठी गाव सोडून जाणे कमी झाले. दरवर्षी भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत बाया रानभाज्यांचे जे प्रकार मांडतात ते पाहिले, की ताटात काय वाढले हेही कळते. शंकासुरभाऊंना हवा तसा तक्ता यातून निघणार नाही, पण जो माणूस ऊसतोडीला जाऊन उघड्यावर राहत नाही, ज्याची मुले एकाच शाळेत टिकतात आणि ज्याच्या घरात भाजी आहे, त्याची प्रकृती सुधारण्याचे मार्ग डॉक्टरांच्या दारावरून जात नाहीत.

आता ताई, तुमच्या कामाचे. झाड निवडताना एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात याला पाने असतात का? गुलमोहर आणि बहावा ऐन उन्हाळ्यात फुलतात, दिसतात देखणे, पण त्या वेळी त्यांची पाने गळालेली असतात. कडुनिंब फाल्गुनात पाने टाकतो आणि चैत्र संपेपर्यंत हिरवागार होतो. करंज त्याच सुमारास नव्या पालवीने इतका दाट होतो की खाली ऊन शिरत नाही. चिंच हळू वाढते, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वड-पिंपळ लावायचे तर विहीर आणि भिंतीपासून लांब, नाहीतर मुळे बांधकाम फोडतात. जागा ठरवताना गावाच्या सुशोभीकरणाचा विचार बाजूला ठेवून माणसे दुपारी कुठे ताटकळतात ते पाहावे: एसटीचा थांबा, रेशन दुकानाची रांग, हातपंप, केळीची गाडी भरण्याची जागा आणि उपकेंद्राची पश्चिमेकडची भिंत. पश्चिमेच्या उन्हाने तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते आणि त्याने झोप उडते.

पऱ्हाटीबद्दल शेतकऱ्यांना नुसते "जाळू नका" म्हटले तर ते ऐकणार नाहीत. गुलाबी बोंडअळीचे अवशेष नष्ट व्हावेत म्हणूनही अनेक जण पेटवतात, आणि तो हेतू चुकीचा नाही. वेचणी संपताच यंत्राने बारीक भुगा करून तो कुजवला तर अळीचाही बंदोबस्त होतो आणि जमिनीत सेंद्रिय भर पडते. यंत्र मात्र वेळेवर यायला हवे. फेब्रुवारीत रान मोकळे करायची घाई असताना ते मार्चमध्ये आले तर काडेपेटीच जिंकते.

सातपुडा_पायथा

सर्वांचे आभार. कूलर एक, खाटा दोन, आणि उरलेल्या रकमेतून झाडे व यंत्राचे भाडे असा प्रस्ताव मी मांडणार आहे. एक उपप्रश्न राहतो. अंगणवाडीचे छप्पर पत्र्याचे आहे आणि झाड मोठे होईपर्यंत चार-पाच उन्हाळे जातील. तोवर काय करावे?

वाघूरकाठ

ताई, पत्र्याला बाहेरून पांढरा रंग द्या. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना चुना लावण्याचे काम हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतवते, त्यामुळे खालची खोली कमी तापते. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. त्यात चिकटद्रव्य मिसळावे किंवा छपरासाठी मिळणारा परावर्तक रंग घ्यावा. पावसाने तो धुपतो आणि धुळीने काळवंडतो, म्हणून हे काम दरवर्षी होळीच्या आधी करावे आणि तसे ठरावातच लिहून ठेवावे. खाली वाळ्याचा किंवा तुराट्यांचा पडदा पश्चिमेकडच्या खिडकीला लावून त्यावर पाणी मारण्याची जबाबदारी मदतनीस ताईंवर एकटीवर टाकू नका. त्यांना आधीच पोषण आहाराचे काम पुरे असते.