खरेदीखतावर आईचा अंगठा आहे. आधार लॉक केलं तर रेशन आणि गृहलक्ष्मी अडेल का?

निपाणी_शिवार
आईच्या नावची जमीन नुकतीच विकली. खतावर तिच्या अंगठ्याचा ठसा आणि आधार नंबर दोन्ही आहेत. नकला एजंट, झेरॉक्सवाला, घेणारे अशा बऱ्याच हातांतून फिरल्यात. नुसत्या ठशावर खात्यातले पैसे जातात म्हणतात. बायोमेट्रिक लॉक करायचं तर रेशनला अंगठा लागतो, गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार घरच्या बाईला दर महिन्याला देतं ते) २,००० पण ती गावातल्या मशीनवर अंगठा लावूनच काढते. खातं कोल्हापूरच्या बँकेत आहे. काय करावं?

सेवाकेंद्र_चिकोडी
भीती खरी आहे. मशीनवरून पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. कागदावरच्या स्वच्छ ठशावरून रबराचा किंवा सिलिकॉनचा साचा करतात. २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणी झालेल्या खतांवरचे ठसे असे वापरल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात, आणि मोबाइल नंबर बँकेत जुना असेल तर मेसेजसुद्धा कळत नाही.

लॉक कराच. ‘मायआधार’ संकेतस्थळावर ओटीपीने आत जा आणि ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक’ निवडा. बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीवरची कामं चालू राहतात. गृहलक्ष्मीचे पैसे खात्यावर जमा व्हायला अंगठा लागतच नाही, त्यामुळे ते थांबणार नाहीत. अडतं ते काढताना. तेव्हा तात्पुरतं अनलॉक करायचं, ते १० मिनिटं टिकतं. घरातून उघडून निघू नका. रांगेत आपला नंबर आल्यावर उघडा, नाहीतर सर्व्हर रखडला की वेळ संपते आणि मशीन ‘३३०’ एरर दाखवतं. त्याचा अर्थ लॉक आहे एवढाच, बोट खराब झालेलं नाही.

रेशनला कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो. तुमचं नाव त्याच कार्डावर असेल तर तुम्हीच जा, आईचं लॉक उघडायचंच नाही.

‘मायआधार’वरच ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ उघडा. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं वापरलं ते दिसतं. आई कुठं गेलेली नसताना बोटाची नोंद दिसली, तर त्याच दिवशी बँकेत जा.

खानापूर_लेखापाल
लॉकच्या जोडीला जमिनीचे पैसे बाजूला काढा, ते जास्त महत्त्वाचं. मशीनवर बँकेचं नाव निवडता येतं. म्हणजे आधार जोडलेलं प्रत्येक बचत खातं उघडं आहे, फक्त गृहलक्ष्मीचं नव्हे. रक्कम मुदत ठेवीत टाका, पण ऑटो स्वीपची ठेव नको. तिच्यातले पैसे बचत खात्यात आपोआप उतरतात. शाखेत लेखी अर्ज देऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय बंद करून मागा आणि पोच घ्या.

आणखी एक. लॉकची किल्ली आता आईच्या फोनवरचा ओटीपी आहे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘चलान’ नावाची एपीके (ॲप बसवायची) फाइल आली आणि ती बसवली, की मेसेज वाचायची परवानगी तिच्याकडं जाते. मग लॉकही दुसराच उघडतो. पुढं कुणालाही आधारची प्रत द्यायची तर मास्क केलेली द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

निपाणी_शिवार
आईच्या आधारला मोबाइलच जोडलेला नाही. आणि समजा पैसे गेलेच, तर तक्रार बेळगावात की कोल्हापुरात?

सेवाकेंद्र_चिकोडी
मोबाइल जोडायला पोस्टात किंवा आधार केंद्रात आईंना स्वतः न्यावं लागेल. तोवर लॉकही होणार नाही. म्हणून आधी ठेव आणि बँकेचा अर्ज, मग पोस्ट.

बेळगाव_कॅश_काउंटर
पैसे गेले तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. एसएमएसमधला व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम हाताशी ठेवा. मग बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तोटा ग्राहकावर येत नाही. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. अर्जात ‘मी व्यवहार केला नाही, त्या वेळी मी अमुक गावात होते’ हे स्पष्ट लिहा.

खातं कोल्हापुरात असलं तरी पोलीस तक्रार राहत्या ठिकाणी देता येते. बेळगावला सीईएन पोलीस ठाणं आहे, ते सायबरचे गुन्हे बघतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथंच गुन्हा नोंदवायला सांगा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. तक्रार कशी करायची ते १४४४८ वर सांगतात. त्यांना पहिल्या तक्रारीची पोच लागते, तेव्हा शाखेतून शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.