रोजच्या घरात-अंगणात कॅमेऱ्याला काय सापडतं? अनुभव आणि युक्त्या लिहा

टिपकागद
जुन्या प्रिंट्सचा डबा आवरताना दवाच्या थेंबात उलटं दिसणारं फूल हाती लागलं. मागे पेन्सिलीने फक्त 'एफ/११, सकाळ' (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). त्यावरून हा धागा. अंगण, खिडकी, घरातली माणसं यांत जे नुसत्या डोळ्यांना निसटतं ते फोटोत कसं आणायचं, ते लिहूया. अंतर, शटर, काय बिघडतं आणि का, सगळं.

सुरुवात थेंबापासून. थेंब म्हणजे बहिर्गोल भिंग, त्यामुळे मागचं फूल त्यात उलटं दिसतं. हमखास चूक फोकसची. फुलाची प्रतिमा थेंबाच्या कडेच्या पातळीत नसते, थेंबाच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. कडेवर फोकस केला की थेंब कुरकुरीत आणि फूल पुसट. ट्रायपॉड लावा, फोकस हाताने करा, फूल थेंबाच्या साधारण १० सेंमी मागे धरा. दव नसेल तर पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात मिसळून ड्रॉपरने थेंब ठेवा, लवकर वाळत नाही. वारा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा सावकाश नेऊ नका.

भिंगरी
फोनवाल्यांसाठी. आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा, धुरकट फोटोंचं निम्मं कारण बोटांचे तेलकट ठसे. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड वाइड लेन्स वापरतो, २-३ सेंमीवर जावं लागतं आणि फोनचीच सावली पडते. उजेड बाजूने किंवा मागून येईल असं वळा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पांढरी फुलं सपाट पांढरी होतात ती इथेच वाचतात.

पानगळ
+१ लेन्स पुसण्याला!!

कवडसा
झाडाखालचे कवडसे गोल का असतात बघितलंय का? पानांमधली फट वेडीवाकडी असते पण उन्हाचा ठिपका गोल. कारण प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा आहे, फट पिनहोलचं, म्हणजे प्रतिमा पाडणाऱ्या बारीक भोकाचं काम करते. ठिपक्याचा व्यास म्हणजे फटीपासूनचं अंतर भागिले साधारण १०८. म्हणजे ५ मीटरवरून आलेला कवडसा साडेचार सेंमीच्या आसपास. फट लहान आणि उंचावर हवी, जवळची मोठी फट स्वतःचाच आकार दाखवते.
फोटोसाठी खाली पांढरी चादर अंथरा, कॅमेरा चादरीला काटकोनात धरा आणि सूर्य डोक्यावर असताना घ्या, नाहीतर गोलाची अंडी होतात. उजेड ठिपक्यावर मोजा. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. मुलांना चादरीवर बसवा, अंगावर शेकडो सूर्य!

शेवाळ
शेकडो सूर्य, काय सुंदर. दुपारी चादर बाहेर :)

मुंगी
किड्यांबद्दल. ५० मिमी लेन्स आणि २५ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की निम्मं वर्धन, ५० ची ट्यूब लावली की १:१, म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा (वर्धन = ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, इथे ५०). १:१ ला एफ/८ वरसुद्धा फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याची फोकसमधली जाडी जेमतेम १ मिमी. म्हणून मुंगीचा डोळा स्पष्ट आणि पोट पुसट. आणखी लहान ॲपर्चर लावून फार सुटका नाही. १:१ ला एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं, दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड जातो, त्यापुढे विवर्तनाने (लहान छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा किड्याची बाजू सेन्सरला समांतर करा, डोळा आणि पंख एकाच पातळीत येतात.
फोकस रिंगशी खेळू नका. रिंग ठेवा, स्वतः मिलिमीटरने पुढेमागे झुला, ओळीने दहा-बारा शॉट घ्या. वेळ पहाटेची, थंडीने किडे जागचे हलत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवून गार करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जीव जाऊ शकतो.
विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ ला मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला, पुढे पाच हजारांवर घेतले. सगळे आपल्या शेतावर. लांब जावं लागतच नाही.

पानगळ
मुलं आणि आजी-आजोबा. खोलीतले दिवे बंद करा, हे पहिलं. बल्ब पिवळा (सुमारे २७०० के, म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप), खिडकीचा उजेड ५५०० के, दोन्ही मिसळले की अर्धा गाल निळा अर्धा नारिंगी आणि मग कुठलाच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं यासाठी कॅमेऱ्याचं रंगांचं सेटिंग) बसत नाही. माणूस खिडकीपासून मीटरभर, चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवा, डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब चमकलं की थांबा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरली की सावली उजळते. आजीच्या हातांसाठी मात्र चादर नको. बाजूचा तिरपा उजेड एकटाच ठेवा, सुरकुत्या त्यातच उमटतात.
शटर: बोलणाऱ्या माणसाला १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५०० आणि वर. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० झाला तरी चालेल, दाणे चालतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवर बसा किंवा आडवे व्हा.

भिंगरी
पानगळताई, फोनचा नाइट मोडही बंद करा हे जोडा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो, मूल हललं की हात भुतासारखा येतो.

शेवाळ
अवांतर आहे पण विचारते. जुन्या अल्बमच्या चिकट पानांना फोटो घट्ट चिकटलेत, ओढले तर फाटतील ना?

टिपकागद
ओढू नका. मेण नसलेला डेंटल फ्लॉस कोपऱ्याखालून सरकवा, करवतीसारखा हळू पुढेमागे. पाणी किंवा हेअर ड्रायरची गरम हवा नको. अजिबात सुटत नसेल तर अख्खं पान ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि तसंच ठेवा. सुटलेल्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नाव-तारीख. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

शेवाळ
खूप खूप आभार दादा. फ्लॉस आणते.

पिंपळपान
अख्खी खोली कॅमेरा करता येते. खिडकी काळ्या कार्डबोर्डने पूर्ण झाका, फटींना टेप, मधे १ सेंमीचं गोल भोक. बाहेर लख्ख ऊन हवं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर बाहेरचा रस्ता, झाडं उलटी, रंगीत, हलती! आत गेल्या गेल्या काही दिसत नाही. दहा मिनिटं थांबा, डोळे सरावतात. लोक इथेच कंटाळून पुठ्ठा काढतात.
फोटोला ट्रायपॉड, आयएसओ ८००, एफ/४, ३० सेकंदांपासून सुरू करा. भोक मोठं केलं तर चित्र उजळ पण मऊ, लहान केलं तर रेखीव पण अंधूक. घरच्यांना भिंतीपाशी घ्यायचं तर तितका वेळ स्थिर बसवा, टेकू द्या. फोटो १८० अंशात फिरवून बघा, माणसं उलटी आणि रस्ता सुलटा.

मुंगी
वा! हे करणार रविवारी. भोक कार्डबोर्डलाच पाडायचं की पत्र्याला?

पिंपळपान
कार्डबोर्ड चालेल, पण जाड पुठ्ठ्यात भोकाची नळी होते आणि चित्राच्या कडा काळवंडतात. पुठ्ठ्यात मोठा चौकोन कापून त्यावर काळा कागद चिकटवा, भोक कागदाला.

कवडसा
इंद्रधनुष्यावर एकच. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, फिरवता येणारा ध्रुवक फिल्टर) लावला असेल तर फिरवून बघा, एका स्थितीत इंद्रधनुष्य जवळपास पुसलं जातं, ९० अंश फिरवलं की उठून दिसतं. बागेतल्या पाइपच्या फवाऱ्यातही होतं. सूर्याला पाठ, आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर बघा, मागे गडद झाडी.

भिंगरी
साबणाचे फुगे राहिलेच की. काळं कापड मागे, मोठ्या खिडकीकडे तोंड करून, फुग्यात खिडकीचं प्रतिबिंब पडतं तिथेच रंग दिसतात. साबणाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन टाका, टिकतो. वरच्या भागाचे रंग जाऊन काळा डाग पडायला लागला की पडदा अतिशय पातळ झालाय, कुठल्याही क्षणी फुटेल. बटण तेव्हाच दाबून ठेवा.