प्रौढ साक्षरतेचा पैसा वाया जातो म्हणणाऱ्यांना

धानपट्टा :
काल इथे एका दादांनी लिहिलं, "साठीच्या बायांना पाटी देऊन काय मिळवायचं? वर्ग कागदावरच भरतात. तो पैसा झेडपीच्या शाळांना द्या." वाचून फार राग आला, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसा आहे तरी किती? प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाला २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी अख्ख्या देशात १०३७.९० कोटी. त्यातले ७०० केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. शिकवायची माणसं पाच कोटी. म्हणजे माणशी दोनशे रुपयांच्या जरा वर, आणि शिकवणाऱ्याला छदाम नाही, कारण तो स्वयंसेवक. हे दोनशे काढून घेऊन कोणत्या शाळेचं छप्पर होणार आहे?

मी गडचिरोलीची. याआधीच्या साक्षर भारत योजनेच्या काळात गावच्या केंद्रात प्रेरिका, म्हणजे वर्ग चालवणारी, होते, महिन्याला दोन हजार मानधनावर. बाया रोवणी करून, चिखलाचे पाय धुऊन यायच्या. त्यांना धडे-कवितांची हौस नव्हती. तेंदूच्या फळीवर, म्हणजे तेंदूपानं खरेदीच्या जागी, हिशेब लिहिणारा मुन्शी कार्डावर पानांचे किती पुडे मांडतो, ते त्यांना वाचायचं होतं. एका मावशीनं एकदा आकडा वाचला आणि तिथंच हात धरला, की एवढे नाही, जास्त दिले आहेत. मग साऱ्या बायांनी आपापली कार्डं तपासायला काढली. ३१ मार्च २०१८ ला योजना संपली, केंद्राला कुलूप लागलं. याला तुम्ही वाया गेलेला पैसा म्हणता?

पांढरकवडेकर :
ताई, तुमच्या गावात भरला असन वर्ग. आमच्या इकडे नाही भरत, हे म्या डोयानं पाह्यलं. माया मायचं नाव निरक्षरांच्या यादीत होतं. माय सातवी शिकलेली हाये, रोज पेपर वाचते! टार्गेट पुरं कराचं म्हणून नाव टाकलं. परीक्षेच्या दिवशी घरी निरोप, "काकूले पाठवा, फक्त दोन तास बसाचं हाये." आता अशा नोंदणीवर पैसा काहून खर्च कराचा, सांगा बरं. अन् काल ते म्याच लिहिलं होतं. अजूनही तेच म्हणतो.

खडूफळा :
यादी कोण करतं, हे विचारा ना. आम्ही शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. तरी निरक्षर शोधायला आम्हीच, अ‍ॅपवर नोंदवायला आम्हीच, स्वयंसेवक जोडायला आम्हीच. २०२३ मध्ये संघटनांनी सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तर कामचुकार ठरलो. माझ्याकडे दोन शिक्षकी शाळा आहे. मी घरोघर फिरतो त्या दिवशी चार वर्ग एकटा जोडीदार सांभाळतो. तुमच्या मातोश्रींचं नाव चुकीचं गेलं, वाईट झालं. पण आकडा वरून येतो, गावात तेवढे निरक्षर असोत वा नसोत.

धानपट्टा :
गुरुजी, हेच माझं म्हणणं. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन द्या, काम तिला द्या. फुकटात करून घ्यायचं ठरलं की खोट्या याद्याच होणार.

मेळघाटी :
तुम्ही सगळे मराठी घरातले, म्हणून मूळ मुद्दा राहून गेला. आमच्या चिखलदरा-धारणीत म्हातारी माणसं कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्यांना अक्षर आणि परकी भाषा एकाच दमात शिकायला लावता, आणि ती आठवड्यात यायची थांबली की "आदिवासींना शिक्षणाची आवड नाही" असा शेरा मारता. माझी आजी वर्गात गेली होती. शिकवणाऱ्या पोरीला कोरकूचा एक शब्द येत नव्हता. आजी परत गेलीच नाही.

पांढरकवडेकर :
पण भाऊ, बँकेत, तहसीलीत मराठीच लागते ना? कोरकूत शिकून कोणता फॉर्म भरनार?

मेळघाटी :
हेच ऐकत आलोय लहानपणापासून. फॉर्म मराठीत हे आम्ही ठरवलं का? आधी आपल्या बोलीत अक्षर ओळखू द्या, मग तीच अक्षरं मराठीत वापरता येतील. लिपी देवनागरीच ठेवा, कोण नाही म्हणतं?

खडूफळा :
कोरकू येणारा स्वयंसेवक मिळतो कुठे, तेही सांगा. अ‍ॅपवर नावं आहेत, गावात माणूस नाही. तो पुण्याला कंपनीत.

मेळघाटी :
पुण्याला का गेला? इथे दोन पैसे मिळाले असते तर गेला असता का? मला भाषण देऊ नका गुरुजी, मी त्याच गावात राहतो.

खडूफळा :
भाषण नाही देत. मीही बारा वर्षं दुर्गम भागात काढलीत. बोलीचा मुद्दा बरोबर आहे, एवढं मानतो. शिक्षकाला दोष दिलेला मानणार नाही.

धानपट्टा :
आमच्याकडे माडिया-गोंडी बोलींची हीच गत आहे. आणि वेळापत्रक बघा. राज्यातली पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला, रविवारी, दहा ते पाच. मार्चात मोहाची फुलं गळतात. पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन जंगलात. दीडशे मार्कांच्या पेपरसाठी त्या दिवसाची फुलं कोण सोडेल? मग गैरहजेरी दिसते आणि म्हणतात, प्रतिसाद नाही.

पांढरकवडेकर :
हे मात्र पटलं. आमच्या इकडे तवा हरभरा काढनं चालू असते. परीक्षा पावसाळ्यात ठेवा म्हना. पन मानधन दिल्यानं खोट्या याद्या बंद होतीन, हे मी नाही मानत. पैसा आला की नावं आनखी वाढतीन.

धानपट्टा :
म्हणून हजेरीची तपासणी ग्रामसभेकडे द्या, साहेबाकडे नको. गावात कोण सातवी शिकलंय हे ग्रामसभेला ठाऊक असतं, तुमच्या आईचं नाव तिथंच खोडलं गेलं असतं. आमच्याकडे तेंदूचा लिलाव ग्रामसभा करते, हिशेब गावासमोर वाचला जातो. येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे, की तेंदूच्या पैशातून एका मुलीचं मानधन काढावं आणि वर्ग गोंडीतून सुरू व्हावा.

मेळघाटी :
ताई, मांडा. पण सरकारचं काम ग्रामसभेच्या पैशात केलं, तर पुढच्या वर्षी सरकार तेवढाही निधी देणार नाही. ठरावात तेही लिहा.