मदत हवी आहे: हायस्कूलमधल्या आउटफील्डरची खरी किंमत कशी ओळखायची? (बेसबॉल ड्राफ्ट)

नमस्कार मंडळी,

इथे बेसबॉल बघणारे किती आहेत ठाऊक नाही, पण अमेरिकेतली मंडळी बरीच आहेत म्हणून धागा काढतेय. क्रिकेटवाल्यांनीही यावं, फक्त चेष्टा जरा जपून.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत राहतो. मुलगा बारावीत आहे, शाळेच्या संघात आउटफील्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उभा राहतो, तिथेही मधोमध, सेंटर फील्डला. बॅटिंग डावखुरी, थ्रो उजव्या हाताने. एका बऱ्यापैकी डी-वन (कॉलेज खेळाची सर्वात वरची पातळी) कॉलेजात कमिट झालाय, म्हणजे तिथे खेळायचं कबूल केलंय. जुलैत एमएलबीचा (मेजर लीग, व्यावसायिक बेसबॉलची सर्वात वरची पातळी) ड्राफ्ट आहे, त्यात क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. गेल्या उन्हाळ्यापासून स्काऊट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) दिसायला लागले होते, आणि आता एका क्लबचा एरिया स्काऊट घरी येऊन गेला. माणूस गोड. पोहे दोनदा मागून खाल्ले. मग मला आणि नवऱ्याला नखशिखांत न्याहाळून विचारलं, घरात उंच कोण आहे? नवरा पाच सात, मी त्याहून कमी. मामा सहा फूट आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि त्याने ते लिहूनही घेतलं. मुलाचं अंग अजून भरणार की नाही हे हे लोक आईबापांवरून ताडतात म्हणे.

जाताना म्हणाला, "चौथी ते दहावी फेरी, तुमच्या आकड्यावर अवलंबून." तेव्हापासून नवरा हवेत आहे आणि मी जमिनीवर राहण्याचा प्रयत्न करतेय.

मुलाची माहिती: उंची 5 फूट 11 इंच, वजन 172 पौंड. साठ यार्ड 6.6 सेकंदांत. बॅट फिरवून फर्स्ट बेसपर्यंत 4.1 सेकंद. आउटफील्डमधून थ्रो ताशी 88 मैल. लाकडी बॅटने एक्झिट व्हेलो (बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग) जास्तीत जास्त ताशी 97 मैल. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील, म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी सतराच. शाळेत अ‍ॅव्हरेज चारशेच्या वर आहे (म्हणजे दहातल्या चार वेळा यशस्वी फटका), पण त्याचं मला फारसं कौतुक नाही. समोरचे पिचर (बॉल टाकणारे) ताशी 78-80 मैलांनी टाकतात, आणि दोन बॉल वाईड गेले की पुढचे दोनही मुद्दाम वाईडच जातात (चार वाईड झाले की बॅटर न मारताच फर्स्ट बेसवर जातो).

मी सामन्याला वही घेऊन बसते. गेल्या उन्हाळ्यात लेकपॉइंटला (इथलं मोठं क्रीडासंकुल) लाकडी बॅटच्या स्पर्धांमध्ये चांगले पिचर समोर होते. 90 च्या वरचा फास्टबॉल तो नीट खेळतो, डाव्या-मध्य भागात सणसणीत मारतो. पण डावखुरा पिचर आला आणि दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला बाद) की त्याचं काहीतरी बिघडतं. एक अ‍ॅट-बॅट तर डोळ्यांसमोरून जात नाही. पहिला फास्टबॉल बाहेर, सोडला. दुसरा फाऊल, मागे जाळीवर, म्हणजे टायमिंग अगदी बरोबर. तिसरा स्लायडर (शेवटी आडवा वळणारा बॉल), आत सुरू होऊन बाहेरच्या कडेला आला, बघत राहिला, स्ट्राइक. चौथा तोच स्लायडर, पण आणखी हातभर बाहेर. उजवा खांदा आधीच उघडला, कंबर सुटली, आणि बॅट एका हातात राहिली. वहीत असे स्विंग बरेच आहेत. डावखुऱ्या पिचरच्या स्ट्राइकच्या चौकटीबाहेरच्या स्लायडरवर तिनातल्या एकाला तरी बॅट जाते.

तर प्रश्न असा, की हे वयाचं आहे की कायमचं, हे ओळखायचं कसं? तो सेंटरलाच राहील की पुढे लेफ्ट फील्डला ढकलला जाईल? आणि "आकडा" सांगायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रतिसाद: निवांतराव (पुणे)

ताई, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण शाळेतल्या चारशेच्या अ‍ॅव्हरेजवर तुम्ही भाळला नाहीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे 2016 साली कल्याणच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद 1009 केल्या. जगभर बातमी झाली. समोरची पोरं अगदीच कच्ची होती, हे लोकांनी नंतर वाचलं, आणि त्या आकड्याचं ओझं बिचाऱ्या पोरावर बसलं. बाकी चालू द्या, वाचतोय.

प्रतिसाद: बुलपेनबुवा (ह्यूस्टन)

ताई, तुमची वही कुठल्याही अ‍ॅव्हरेजपेक्षा मोलाची आहे, सांभाळून ठेवा. माझा मुलगा ज्युनियर कॉलेजात खेळतो, या चक्रातून आम्ही गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

स्काऊट प्रत्येक गुणाला 20 ते 80 मध्ये ग्रेड देतात: बॅट, पॉवर, धाव, थ्रो, फील्डिंग. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, शाळेतला नव्हे. आणि ग्रेड दोन असतात, आजची आणि पुढची. सतरा वर्षांच्या पोराची बॅट आज 25-30 लिहिली तर घाबरू नका, सगळ्यांचीच तेवढी असते. डावखुऱ्या बॅटला फर्स्टपर्यंत 4.2 म्हणजे साधारण 50, 4.1 म्हणजे 60. म्हणजे तुमचा मुलगा धावतो चांगला. 88 चा थ्रो सेंटरला पुरतो, राइट फील्डला जेमतेम. 97 एक्झिट व्हेलो त्या शरीराला ठीक, पण डोळे विस्फारावेत असं नाही.

आता मुख्य गोष्ट. धाव आणि थ्रो स्टॉपवॉच आणि रडारवर मोजता येतात, म्हणून घरचे लोक त्यातच अडकतात. करिअर ठरतं ते बॅटवर, आणि नेमकी तीच मोजायला सगळ्यात अवघड. तुमच्याच परिसरातली उदाहरणं घ्या. कार्टर्सव्हिलचा डोनावन टेट, 2009 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला, सॅन डिएगोच्या पाद्रेजनी सव्वासहा मिलियन डॉलर दिले. शरीर, वेग, थ्रो, सगळं होतं. मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट पंचविसावा गेला. थंड राज्यातला, तिथे पिचर काय दर्जाचे असणार, ही शंका होतीच. स्टॉकब्रिजचा मायकल हॅरिस 2019 मध्ये तिसऱ्या फेरीत, 98 वा. कित्येक क्लबना तो डावखुरा पिचर म्हणूनच हवा होता. अटलांटाच्या ब्रेव्ह्जनी आउटफील्डर म्हणून घेतला आणि 2022 मध्ये तो नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला.

आणि तुम्ही म्हणता तसे पिचर वाईड टाकून मोकळे होतात हेही जुनंच दुखणं. मॅकडोनोच्या जेसन हेवर्डला 2007 मध्ये शाळेतले पिचर खेळायला बॉलच देत नव्हते. दुरून आलेल्या स्काऊटला त्याचा स्विंगच बघायला मिळेना. ब्रेव्ह्जनी घरच्या अंगणातला म्हणून नीट पाहिला आणि चौदाव्या क्रमांकावर उचलला. म्हणून शाळेच्या सामन्यात त्याने मारलं किती हे बघू नका, सोडलं काय ते बघा.

तुमचा स्लायडरचा प्रश्न: डावखुऱ्याचा बाहेर पळणारा स्लायडर सतराव्या वर्षी बहुतेक डावखुऱ्यांना नडतो. त्यात बघायचं ते इतकंच, की तो फसतोय की त्याला दिसतच नाहीये? फसणारा पोरगा थांबायचा प्रयत्न करतो, अर्धवट स्विंग करतो, पुढच्या वेळी तोच बॉल सोडतो. न दिसणारा दरवेळी त्याच जोरात फिरवतो. वहीत पूर्ण स्विंग आणि अडवलेले स्विंग वेगळे लिहायला लागा. आणि व्हिडिओ काढताना तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, डावखुऱ्याची छाती तिकडूनच दिसते. खांदा कधी उघडतो ते फ्रेम थांबवून बघता येईल.

सेंटर की लेफ्ट, हे साठ यार्डांवर ठरत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या बॉलवर पहिलं पाऊल कुठे पडतं, ते पाहा. बॅटचा आवाज झाल्यावर क्षणभर पुढे येऊन मग मागे पळणारा पोरगा कितीही वेगवान असला तरी पुढे कोपऱ्यात जातो. आणि लेफ्टला गेला की 97 चा एक्झिट व्हेलो पुरत नाही, तिथे होमरन मारणारे लोक लागतात. तुमच्या मुलाची निम्मी किंमत तो सेंटरला टिकण्यात आहे.

वय मात्र सोन्यासारखं. ड्राफ्टच्या दिवशी सतरा असणं क्लबना फार आवडतं. आपल्या भारतीय वंशाचा अर्जुन निम्माला 2023 मध्ये टोरोंटोच्या ब्लू जेजकडे विसावा गेला तेव्हा सतराचाच होता. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला इनफील्डर) आहे, पण मुद्दा तोच.

प्रतिसाद: धागाकर्ती

बुवा, मनापासून धन्यवाद. पहिल्या पावलाबद्दल: डावीकडे-उजवीकडे तो झकास जातो, बॅटला बॉल लागायच्या आधीच सरकलेला असतो. पण सरळ डोक्यावरून जाणाऱ्यावर कधीकधी खिळल्यासारखा उभा राहतो. कोच म्हणतात सेंटरला तोच बॉल सगळ्यात अवघड. खरंय का, की मला बरं वाटावं म्हणून?

प्रतिसाद: बुलपेनबुवा

खरंय. समोरून सरळ येणाऱ्या बॉलची खोली कळत नाही, मोठेही फसतात. डावं-उजवं आधीच सरकतो हे वाचून बरं वाटलं, ते सहसा शिकवून येत नाही.

प्रतिसाद: हिशेबी (एडिसन)

खेळाचं बुवांनी सांगितलं, मी पैशाचं सांगतो. ताई, "आकडा" म्हणजे किती डॉलर मिळाले तर कॉलेज सोडून सही करणार, ती रक्कम. हे क्लबना आधी कळावं लागतं, कारण त्यांचे हात बांधलेले असतात.

ड्राफ्ट आता 20 फेऱ्यांचा. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला ठरलेली रक्कम, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे क्लबचा पूल. पाचव्या फेरीत ती साधारण चार-पाच लाख डॉलर, दहाव्यापर्यंत दोन लाखांच्या आसपास. एखाद्याने सही केली नाही तर त्याच्या क्रमांकाची रक्कम पूलमधून जाते. पूल पाच टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढची पहिली निवड जाते; आजवर कुणीही ती हिंमत केलेली नाही. म्हणून क्लब सहाव्या ते दहाव्या फेरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं अगदी थोड्या पैशांत उरकतात आणि वाचलेले पैसे एखाद्या हायस्कूलच्या पोरावर घालतात. ते पोर अकराव्या फेरीतही निघू शकतं. तिथे दीड लाखापर्यंतची रक्कम पूलमध्ये धरतच नाहीत, वरचीच धरतात. तेव्हा फेरीचा मान डोक्यातून काढा, रक्कम बघा.

मी आकडा कसा काढला असता? कर आणि एजंटचे टक्के वजा जाता हातात साठ टक्के आले तरी खूप. मायनर लीगचा (मेजर लीगच्या खालचे तयारीचे संघ) किमान पगार 2023 च्या करारानंतर सुधारला, तरी तेव्हा लो-ए ला (त्यातली खालची पायरी) वर्षाला 26,200 डॉलर होता. राहायची सोय क्लब करतो. कॉलेजचा खर्च करारात वेगळा लिहून घेता येतो, तो घ्याच; फक्त खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिकायला सुरुवात करावी लागते, ही अट बरेच जण विसरतात.

दुसरी बाजू: चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविशीपर्यंत ड्राफ्ट नाही. पण परतावा मिळू शकतो. एरन जजला 2010 मध्ये शाळेतून 31 व्या फेरीत घेतलं होतं. तो फ्रेस्नो स्टेटला गेला, आणि 2013 मध्ये यँकीजनी 32 व्या क्रमांकावर घेतला. फेरी नव्हे, क्रमांक. पिचर कुमार रॉकरही 38 व्या फेरीवरून व्हँडरबिल्टला गेला आणि पुढे 2022 मध्ये तिसरा निघाला. मी असतो तर पोराला कॉलेजला पाठवून मोकळा झालो असतो.

प्रतिसाद: बुलपेनबुवा

हिशेबीराव, दोन्ही उदाहरणं धिप्पाड लोकांची दिलीत. जज सहा सात आहे! वेगावर जगणाऱ्या सेंटर फील्डरचं वेगळं असतं, एकविसाव्या वर्षी तो फार वाढलेला नसतो आणि "वय लहान" हा हुकमाचा पत्ताही गेलेला असतो. शिवाय कॉलेज आता पूर्वीचं राहिलं नाही. 2025 च्या (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या) कोर्टातल्या तडजोडीनंतर ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे संघ 34 जणांचा. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) 22 वर्षांचे बाप्ये येतात. नवखा मुलगा वर्षभर बाकावर बसतो. ताई, कॉलेजच्या कोचला स्पष्ट विचारा: पुढच्या वर्षी सेंटरला कोण आहे, आणि शिष्यवृत्ती किती वर्षांसाठी लेखी देताय?

प्रतिसाद: हिशेबी (एडिसन)

हे मान्य. कोचने उत्तर टाळलं तर माझा आकडा मी खाली आणेन. पण पाच लाखांच्या खाली नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांनी भांडून माझं काम सोपं केलंत. नवऱ्याला धागा वाचायला दिला. तो आकडा सात लाख म्हणतोय, मी साडेपाच, आणि ज्याचा आकडा आहे तो म्हणतो मला प्रो बॉल खेळायचाय, तुम्ही ठरवा. कोचला आज मेल टाकली, शिष्यवृत्तीचं लेखी मागितलंय. आमच्या सल्लागाराचं म्हणणं, मे संपेपर्यंत क्लबना आकडा सांगू नका. हे बरोबर आहे का? उशीर केला तर क्लब दुसऱ्या कुणावर पैसे ठरवून मोकळे होत नाहीत का?

प्रतिसाद: हिशेबी (एडिसन)

नेमका आकडा नका सांगू, पण "पाच लाखांच्या खाली आलात तर कॉलेज" एवढी कुंपणाची रेघ आत्ताच कळू द्या. स्काऊटला वर रिपोर्ट पाठवायचा असतो, त्यात सही करेल की नाही हा रकाना रिकामा राहिला की नाव खाली सरकतं. नेमकी रक्कम ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवशी फोन सल्लागाराकडे राहू द्या आणि नवऱ्याच्या हातात देऊ नका.